वेस्टची बाटली

तिरुभुवनम्‌मध्ये मे महिन्यात ईथर बाटलीतल्या बाटलीतच उकळायला बघतं. हे मी रंगवून सांगत नाही. डायइथाइल ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश सेल्सियस. मेच्या पहिल्या आठवड्यात इकडे कत्तिरी, म्हणजे अग्निनक्षत्र, सुरू झालं की आमच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर दुपारी ३८ दाखवायचा. बाटलीचं झाकण अर्धा आटा फिरवलं तरी फस्सकन आवाज यायचा आणि वास खोलीभर. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, म्हणजे तेही उंबरठ्यावरच उभं. पुस्तकात मात्र सगळीकडे ‘खोलीच्या तापमानाला मिसळा’ असं लिहिलेलं असतं. ती खोली कोणत्या गावातली, हे कुणी लिहीत नाही.

माझं शिक्षण पुण्यात झालं आणि नोकरीची पहिली वर्षं रंगरसायनं तपासण्यात गेली. सासर तमिळनाडूतल्या कुंभकोणमचं, तिरुभुवनम्‌च्या शेजारचं; घर तंजावरी मराठी. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांचं राज्य इथे बसलं, १८५५ साली ते संपलं; माणसं मात्र राहिली, आणि घरात अजून मराठी बोलतात. तिरुभुवनम्‌ला लागूनच तिरुविडैमरुदूर आहे. १७९८ साली तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंहराजे तिथेच राहायला आले होते. सासूबाई हे इतक्या सहज सांगायच्या, जणू परवाच बिऱ्हाड हललंय.

तिरुभुवनम् ओळखलं जातं ते दोन गोष्टींसाठी. एक तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं देऊळ, आणि दुसरं रेशीम. इथल्या साडीची घडी पंख्यासारखी घालतात, एक टोक धरून झटकली की सगळी साडी उलगडते. २०१९ साली या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं. विणणारी पुष्कळ घरं सौराष्ट्री, इकडे त्यांना पट्टुनूलकार म्हणतात. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते ती शिकवण्याची, पण विणकर आणि रंगारी अधूनमधून नमुने घेऊन यायचे. तक्रार बहुधा एकच: रंग उतरतो. काठाच्या आतल्या बाजूचे चार-सहा धागे काढून घ्यायचे, गरम डीएमएफमध्ये (डायमिथाइल फॉर्मामाइड या सॉल्व्हंटमध्ये) रंग उतरवायचा, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याचा वर्णपट काढून रंगाऱ्याने दिलेल्या पुडीशी ताडून बघायचा. काम साधं, हातापुरतं. पण या साध्या कामात रोज चार-पाच सॉल्व्हंट हाताळावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळावे लागतात.

मिश्रण म्हणजे दोन ओळखीच्या माणसांची बेरीज, असं नव्या मुलांना वाटतं. त्यांची ती समजूत मोडायला मी पहिल्याच तासाला त्यांच्या हातात दोन बीकर द्यायची. एकात मेथनॉल आणि पाणी मिसळायचं, दुसऱ्यात ॲसिटोनायट्राइल आणि पाणी. दोन्ही पारदर्शक, दोन्ही निमूट. बाहेरून बोट लावून बघायला सांगितलं की चेहरे बदलायचे: पहिलं कोमट झालेलं, दुसरं गार पडलेलं. मग ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी सिलिंडरमध्ये एकत्र ओतायला लावायचं. शंभर व्हायला हवेत, भरतात ९६-९७. बाकीचे तीन-चार मिली कुठे गेले, यावर एकदा दोन मुलींचं भांडण लागलं होतं. एकीला वाटत होतं दुसरीने सांडले. रेणू एकमेकांच्या फटींत बसतात हे त्यांनी बारावीत वाचलेलं होतं, पण सिलिंडरवर रेघ खाली दिसेपर्यंत ते कुणाला खरं वाटत नाही. म्हणून ७०:३० मिश्रण करायचं तर ७० वेगळे मोजायचे, ३० वेगळे मोजायचे आणि मग एकत्र करायचे. ७० घेऊन शंभरच्या खुणेपर्यंत भरलं तर ते वेगळंच काहीतरी होतं, आणि रंगाचा आकडा त्याप्रमाणे सरकतो.

उष्णतेची गोष्ट नुसती गमतीची नाही. गरम झालेलं मिश्रण लगेच खुणेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर कमी भरतं. आणि गरम मिश्रणावर बूच घट्ट लावलं तर आत वाफेचा दाब वाढतो. ॲसिटोनचं आकारमान दहा अंशांच्या फरकाने लिटरमागे सुमारे १४ मिली वाढतं. सकाळी एसीच्या खोलीत गळ्यापर्यंत भरलेली बाटली दुपारी बाहेरच्या मांडणीवर ठेवली तर बूच तरी उडतं नाहीतर तळ तरी फुटतो. आमच्याकडे नियम होता की बाटली खांद्यापर्यंतच भरायची, गळा मोकळा ठेवायचा. हा नियम मी केलेला नाही. लॅबचे मदतनीस अण्णा माझ्या आधीपासून तसंच करत आले होते.

अण्णा सौराष्ट्री घरातले. तरुणपणी त्यांनी रेशमाच्या लडी रंगवल्या होत्या, मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि ते इकडे आले. रसायनशास्त्राचं पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं, पण रंगाच्या हंड्याशी वर्षं काढलेल्या माणसाला द्रवाचं मन कळतं. कुठलीही बाटली उचलायच्या आधी ते हाताची मागची बाजू तिला लावायचे. तळहात रापलेला असतो मॅडम, त्याला कळत नाही, असं म्हणायचे. मी तापमापी वापरायची आणि ते हात. आमचं सहसा एकमत व्हायचं.

सॉल्व्हंट निवडताना वर्णपटाचं गणित आधी येतं. प्रत्येक सॉल्व्हंटला एक सीमा असते. तिच्याखालच्या तरंगलांबीला तो स्वतःच प्रकाश गिळतो आणि आपला नमुना दिसेनासा होतो. पाणी आणि ॲसिटोनायट्राइल १९० नॅनोमीटरपर्यंत खाली जाऊ देतात, मेथनॉल २०५, क्लोरोफॉर्म २४५, डीएमएफ २६८, टोल्यूइन २८५ आणि ॲसिटोन थेट ३३०. म्हणून क्युवेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायची चौकोनी नळी, ॲसिटोनने धुऊन घाईघाईने वापरली की अतिनील भागात एक टेकाड उगवतं, आणि मुलं त्याला नवीन संयुग समजून वहीत उतरवतात. प्लॅस्टिकच्या क्युवेटचं आणखी वाईट. स्वस्त म्हणून आणलेल्या पॉलिस्टायरीनच्या क्युवेटमध्ये कुणी क्लोरोफॉर्म घातलं की भिंती डोळ्यांदेखत दुधाळ होतात, मग मऊ पडतात, आणि यंत्राच्या खाचेत चिकट ओघळ उतरतो.

रंगही सॉल्व्हंटप्रमाणे कूस बदलतो. निळीचंच घ्या: कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये तिचं शिखर ५८८ला, इथेनॉलमध्ये ६०६ला, डीएमएसओमध्ये ६२०च्या आसपास. एका जुन्या साडीच्या निळ्या धाग्यावरून एका रंगाऱ्याशी आमचा वाद झाला होता. त्याने दुसरीकडून आणलेल्या कागदावरचा आकडा वेगळा होता. दोन्ही आकडे बरोबर होते, सॉल्व्हंट वेगळे होते. त्याच्या कागदावर सॉल्व्हंटचं नावच लिहिलेलं नव्हतं. मिश्रणात तर प्रमाण लिहिलं नाही तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

एवढं सगळं आम्ही जपून करायचो. ठरवून केलेल्या मिश्रणाला काही झालं, असं मला आठवत नाही. माणूस जेव्हा ठरवून मिसळतो तेव्हा तो विचार करतो, क्रम बघतो, बर्फ आणतो, चष्मा घालतो. माझी भीती दुसऱ्या मिश्रणाची. जे कुणीच ठरवून करत नाही. ते होतं वेस्टच्या बाटलीत.

वाफा बाहेर खेचणाऱ्या आमच्या फ्यूम हूडच्या कोपऱ्यात अडीच लिटरची तपकिरी बाटली असायची. तिच्यावर मार्करने लिहिलेलं ‘वेस्ट’. एवढंच. क्युवेट धुतलेलं ॲसिटोन त्यात जायचं. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीचं क्लोरोफॉर्म त्यात जायचं. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र आले की थोडं तापतात. राऊल्टच्या नियमापासून ऋण विचलनाचं उदाहरण म्हणून बी.एस्सी.च्या प्रत्येक पुस्तकात ही जोडी असते, आणि परीक्षेत येते. पुस्तक इथेच थांबतं. या जोडीत अल्कली पडली तर काय होतं, ते पुढच्या पानावर नसतं.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावर तेलाचा सॅपोनिफिकेशन आकडा काढण्याचं प्रॅक्टिकल होतं. त्याला अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं. तास संपला, बीकरमध्ये उरलेलं कुणीतरी नेऊन शिस्तीत वेस्टच्या बाटलीत ओतलं. सिंकमध्ये ओतू नका असं आम्हीच शिकवलेलं, मुलाने ते पाळलं. अण्णा झाडलोट करत हूडपाशी आले, सवयीने बाटलीला हात लावला आणि मागे घेतला.

“मॅडम, ही तापलीय.”

त्यांच्या आवाजात घाई नव्हती, म्हणून मी तिकडे बघायला दोन क्षण जास्तच लावले. बाटलीच्या गळ्यात बारीक बुडबुडे धरले होते. अण्णांनी झाकण घट्ट केलं नव्हतं, ते नुसतं वर टेकवलेलं होतं, आणि ते बरं होतं. ते काढून बाजूला ठेवायला आता हात पुढे करायचा नाही, हे दोघांनाही न बोलता कळलं. हूडची काच खाली ओढली, पंखा चालू आहे ना बघितलं, मुलांना बाहेर काढलं, पलीकडच्या खोलीतले बर्नर बंद करायला सांगितलं. पाच-सात मिनिटांत बाटली आतून भुसभुसायला लागली, मग झाकण हललं आणि पिवळसर फेस खालच्या ट्रेमध्ये उतरला. वास गोड, डोक्यात जाणारा. तळाला ट्रे होता आणि बाटली अर्धीच भरलेली होती, म्हणून प्रकरण तेवढ्यावर राहिलं. दीडेक तासाने बाटली गार झाल्यावर आम्ही तिच्याजवळ गेलो.

क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनची अल्कलीच्या संगतीत जी अभिक्रिया होते, तिच्यातून क्लोरोब्युटॅनॉल नावाचं संयुग मिळतं. डोळ्यांच्या थेंबांत ते टिकाऊपणासाठी घालतात. म्हणजे पदार्थ मवाळ, पण तयार होताना उष्णता इतकी निघते की बंद बाटली असती तर काचा भिंतीत रुतल्या असत्या. प्रत्येक मुलाने आपापलं काम बरोबर केलं होतं. चूक बाटलीवर लिहिलेल्या शब्दात होती. ‘वेस्ट’ म्हणजे ज्याच्याकडे आता कुणी बघायचं नाही असं काहीतरी, अशी आपली समजूत. बाटलीच्या आतलं रसायन मात्र कामावरून सुटलेलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून चार बाटल्या झाल्या. क्लोरीन असलेले सॉल्व्हंट एकीत, क्लोरीन नसलेले दुसरीत, आणि आम्ल-अल्कलीचा या दोघींशी काही संबंध नाही. ती वेगळी, दुसऱ्या टेबलावर, आणि आम्ल व अल्कली आपसातही वेगळी. गळ्यात दोऱ्याने कार्ड बांधलं: काय ओतलं, किती, कुणी. कार्ड इंग्रजीत केलं तर कुणी भरेना. तमिळमध्ये केलं तेव्हा भरू लागले. दोऱ्याची कल्पना अण्णांची. कुठूनतरी रेशमाची लडी घेऊन आले आणि क्लोरीनवाल्या बाटलीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या हिरवा. रबरबँड सॉल्व्हंटच्या वाफेने फुगून तुटायचे, लेबलवरची शाई ॲसिटोनचा थेंब पडला की पुसली जायची. रेशमाला काही झालं नाही. नवीन भर घालायच्या आधी थोडंसं एका टेस्टट्यूबमध्ये मिसळून पाच मिनिटं थांबायचं, तापतंय का बघायचं, हेही तेव्हापासून ठरलं. अण्णांचा हात आणि माझी तापमापी, दोन्ही.

पण तिरुभुवनम्‌ला आणखी एक मिश्रण शक्य होतं, आणि त्याचा विचार मला त्या बाटलीनंतरच्या रात्री आला. इथे जरीही तपासायला येते. अस्सल जरी म्हणजे चांदीची तार चपटी करून धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. ती तपासायला नायट्रिक आम्लात विरघळवतात. आता ते टेबल कुठे होतं? रंगाच्या टेबलापासून एक पाऊल. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोन एकत्र आलं तर थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळं होतं. त्यात विरघळलेली चांदी असेल तर तयार होणारं संयुग धक्क्यानेही फुटू शकतं. आम्ल धुऊन भांडं लवकर वाळावं म्हणून वरून ॲसिटोन फिरवायची सवय भारतातल्या कितीतरी लॅबमध्ये आहे. आमच्याकडेही होती. जरीचं काम आम्ही पलीकडच्या खोलीत हलवलं, आणि त्या खोलीत सॉल्व्हंटची वॉशबॉटल न्यायची नाही असं ठरलं. मुलांना हे अती वाटलं. वाटू दे.

हातमोज्यांबद्दलही मुलांचा भाबडा विश्वास असतो. मेडिकल स्टोअरमधून आणलेले पातळ लॅटेक्सचे मोजे घातले की झालं. डीएमएफ त्यांतून भराभर पार जातं, शिवाय कातडीतून आत शिरून यकृतावर बसतं; ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्मपुढे निळे नायट्राइलचे मोजेही फार वेळ टिकत नाहीत. थेंब पडला की मोजा लगेच काढायचा, हाच त्यांचा उपयोग. यावर कुणी कुरकुर केली की मी कॅरेन वेटरहान यांची हकिकत सांगायची. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्या प्राध्यापक, विषारी धातूंच्याच अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ला पाऱ्याच्या एनएमआर वर्णपटासाठी संदर्भनमुना तयार करताना डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या मोज्यावर पडले. मोजा लॅटेक्सचा होता. फ्यूम हूडमध्ये, सगळे नियम पाळून काम चाललं होतं. काही महिने काहीच झालं नाही. मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. ८ जून १९९७ला त्या गेल्या. वय ४८. आमच्या लॅबमध्ये डायमिथाइल मर्क्युरी कधीच नव्हतं आणि येणारही नव्हतं, पण मोजा पुरेसा आहे हे आपण कशावरून ठरवतो, हा प्रश्न तोच.

काही गोष्टी इथल्या हवेने सोप्या केल्या, काही अवघड. हेक्झेन आणि टोल्यूइन ओतताना स्थिर विद्युत साठते, ठिणगी पडू शकते. कावेरीकाठच्या दमट हवेत हा धोका जरा कमी. पण यंत्राची खोली एसीची, कोरडी, खिडक्या बंद. तिथे सॉल्व्हंट ओतायचंच नाही, भरलेली, टोपण लावलेली क्युवेट तेवढी आत न्यायची, असा शिरस्ता ठेवला. एसी वाफ बाहेर टाकत नाही, तीच हवा फिरवत राहतो, हे मुलांना सांगावं लागायचं. वीज गेली की फ्यूम हूड बंद. मग हातातलं काम झाकायचं आणि अंगणात जायचं. उन्हाळ्यात हे वारंवार व्हायचं आणि प्रॅक्टिकलचं वेळापत्रक कोसळायचं. ईथरचं काम सकाळी आठच्या आत उरकायचं, बाटलीवर उघडल्याची तारीख घालायची आणि जुनी झाली की वापरण्याआधी पेरॉक्साइड तपासायचं.

आयुधपूजेच्या दिवशी मात्र माझा जीव टांगणीला लागायचा. इकडे लॅबमध्येही पूजा होते. स्पेक्ट्रोफोटोमीटरला चंदन-कुंकू, वर झेंडूचा हार, समोर केळी आणि चुरमुरे, आणि मग कापूर. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरत जाते आणि पेटलेल्या कापरापर्यंत गुपचूप पोहोचते. पूजा बंद करा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, इच्छाही नव्हती. वर्षभर शिव्या खाणाऱ्या यंत्राला एक दिवस हार मिळतो, मिळू दे. आदल्या दिवशी अण्णा आणि मी सगळ्या बाटल्या मागच्या कोठीत नेऊन कुलूप लावायचो, खिडक्या रात्रभर उघड्या ठेवायचो, आणि कापूर व्हरांड्यात पेटवायचा असा तोडगा पुजाऱ्यांनी मान्य केला. आरती तेवढी आत यायची, विझल्यावर.

राहता राहिला तो भरलेल्या बाटल्यांचा प्रश्न. लाल दोऱ्याची बाटली भरते, हिरव्या दोऱ्याची भरते, पुढे काय? सिंकमध्ये ओतलं तर ते अखेर अरसलार नाहीतर कावेरीकडे जाणार. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि तो अधिकृत जागीच द्यायचा. तमिळनाडूत अशी मोठी जागा गुम्मिडीपूंडीला, चेन्नईच्याही पलीकडे. आमच्या पंधरा-वीस लिटरसाठी तिथून गाडी कोण पाठवणार? कुंभकोणम परिसरातल्या कॉलेजांनी आपापल्या बाटल्या एकत्र करून एकच गाडी बोलवावी, असं मी बोलून पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण साठवायच्या कुणाच्या आवारात यावर गाडं अडलं.

तेव्हा दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. क्रोमॅटोग्राफीतलं क्लोरोफॉर्म शक्य तिथे काढून इथाइल ॲसिटेट आणलं. डाग थोडे वेगळ्या उंचीवर येतात, तक्ते नव्याने करावे लागले. रंग उतरवायला पंचवीस मिली डीएमएफऐवजी लहान व्हायलमध्ये दोन मिली पुरतं, धागे चारच असतात. क्युवेट धुवायला आधी दोनदा त्याच मिश्रणाने, मग एकदा थोड्या इथेनॉलने. लाल दोऱ्याची बाटली पूर्वी दोन महिन्यांत भरायची, आता सत्र संपलं तरी अर्धीच असते. इन्फ्रारेडच्या एका जुन्या प्रयोगाला मात्र अजून कार्बन टेट्राक्लोराइड लागतं. अभ्यासक्रमात तो तसाच छापलेला आहे. त्या बाटलीच्या कपाटाची किल्ली मी अण्णांकडे दिली आहे, आणि ते कुणालाही, मलासुद्धा, किती मिली आणि कशासाठी ते वहीत लिहिल्याशिवाय देत नाहीत.